लिफ्टसाहेबांची रजा

रजेचा अर्ज हातात पडल्यावर हेडक्लार्कने चष्मा कपाळावर सरकवला, अर्ज उलटसुलट करून पाहिला आणि आवाज एकदम खाली आणून विचारलं, "कोण गेलं, साहेब?"

"कोणी नाही गेलं."

"मग घरी कोणी आजारी?"

"सगळे ठणठणीत आहेत. रजा हवीय म्हणून टाकलीय. सहज."

"सहज?" हेडक्लार्कने हा शब्द असा काही उच्चारला की पलीकडची टायपिस्ट बोटं थांबवून बघायला लागली. साहेबांनी सहज रजा टाकली ही बातमी दुपारच्या चहाच्या आधी सगळ्या टेबलांवरून फिरली. संध्याकाळी निघताना दोघांनी येऊन साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. काही असेल तर सांगा, मनात ठेवू नका, असंही म्हणाले.

त्यांचं तरी काय चुकलं? ज्या माणसाने स्वतःच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कचेरीत येऊन 'काल काय काय राहिलं?' असं विचारलं होतं, त्याने सहज रजा टाकावी म्हणजे शंका येणारच.

हे साहेब म्हणजे लिफ्ट तपासनीस. शहराच्या अर्ध्या भागातल्या लिफ्ट त्यांच्या सहीशिवाय वर जात नाहीत की खाली येत नाहीत. ते राहतात त्या इमारतीत सगळे त्यांना लिफ्टसाहेब म्हणतात. आधी पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर म्हणायला लागले. लिफ्टसाहेबांना ते आवडायचं, पण आवडतं असं त्यांनी कधी दाखवलं नाही. अधिकारी माणसाला काही पथ्यं पाळावी लागतात.

रजेचं कारण घरात होतं. लिफ्टसाहेबांच्या बायकोला सगळी इमारत वहिनी म्हणते, तर आपणही वहिनीच म्हणू. वहिनींच्या शाळेतल्या मैत्रिणी वर्षातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतात, नवऱ्यांसकट. काम काही नसतं. दिवसभर बसायचं, खायचं, जुन्या शिक्षकांच्या नकला करायच्या, हसून हसून पोट दुखवून घ्यायचं आणि घरी यायचं. दरवर्षी लिफ्टसाहेब 'या वेळी नक्की' म्हणायचे आणि दरवर्षी कुठली ना कुठली लिफ्ट आडवी यायची. खरं तर लिफ्ट ही उभी जाणारी वस्तू, पण या संसारात ती कायम आडवीच आली. मैत्रिणी थट्टा करायच्या, "तुझा नवरा खरंच आहे ना गं, की नुसतं सांगतेस?" पहिली काही वर्षं वहिनी घरी येऊन हे हसत हसत सांगायच्या. मग सांगेनाशा झाल्या. लिफ्टसाहेबांना वाटलं, थट्टा थांबली.

यंदा वहिनी भांडल्या नाहीत, रुसल्याही नाहीत. कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाल्या, "आलात तर या. नाही जमलं तर यापुढे मी विचारणार नाही. तुम्हालाही उगाच कारणं शोधायचा त्रास."

आवाज अगदी साधा होता. भांडणाला उत्तर देता येतं, पण याला काय उत्तर देणार? दुसऱ्याच दिवशी त्यांनी अर्ज टाकला आणि तो मंजूरही झाला.

आता मंजूर झालेली रजा गुपचूप उपभोगावी की नाही? पण इमारतीत बातमी फुटली आणि सल्ले सुरू झाले. दुसऱ्या मजल्यावरचे वकील म्हणाले, मंजुरी लेखी घ्या, तोंडी रजेला कोर्टात किंमत नाही. पाचव्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, घरी आहातच तर आमचा मोरीचा नळ बघा. लिफ्ट बघणाऱ्या माणसाला नळ बघायला काय हरकत आहे, दोन्ही वर-खाली करायचीच कामं, असं त्यांचं म्हणणं. फक्त लिफ्टसाहेबांच्याच, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे विश्रामसर म्हणाले, "वा! छान!" आणि पुढे काहीच बोलले नाहीत.

विश्रामसर हे व्यायामशिक्षक होते. नोकरीभर त्यांनी मुलांना 'सावधान' म्हणून दरडावलं आणि निवृत्त झाल्या दिवसापासून स्वतः 'विश्राम' घेतला, म्हणून हे नाव. रोज संध्याकाळी ते खालच्या पायऱ्यांवर बसतात आणि त्यांच्याभोवती चार माणसं जमतात. लिफ्टसाहेब कामावरून येताना या बैठकीला वळसा घालून जायचे. धडधाकट माणूस तासन्‌तास पायऱ्यांवर बसतो म्हणजे काय, हे त्यांना कधी कळलं नाही. मनातून ते विश्रामसरांना वाया गेलेला माणूस समजत.

तर रजेचा दिवस उजाडला. लिफ्टसाहेब पहाटेच आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार होऊन बसले. बसले म्हणजे काय, घरातल्या घरात येरझाऱ्या घालायला लागले. वहिनींचं आवरायचं होतं. आणि नेमकी तेव्हाच बाहेर लिफ्टची कुरकुर ऐकू आली.

ही कुरकुर गेले काही दिवस येत होती. लिफ्टसाहेबांचे हात शिवशिवायला लागले. सुताराला हलणारं टेबल दिसलं की त्याला चहा गोड लागत नाही, तसं त्यांचं झालं.

"एक मिनिट, आलोच," ते म्हणाले.

"आज नाही हं," वहिनी आतून म्हणाल्या.

"हात लावत नाही गं. नुसती ऐकून येतो."

ते लिफ्टमध्ये शिरले तेव्हा आत विश्रामसर होते, काखेत वर्तमानपत्र घेऊन. लिफ्ट खाली निघाली. कुरकुर सुरू झाली. ती नीट ऐकायची तर लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबवायला हवी, हे कुठलाही जाणता तपासनीस सांगेल. लिफ्टसाहेबांनी थांबवायचं लाल बटण दाबलं. लिफ्ट थांबली. त्यांनी कान लावला, मान डोलावली आणि बटण सोडलं. पण बटणाने काही त्यांना सोडलं नाही. ते आत गेलं ते आतच बसलं.

लिफ्टसाहेबांनी बटण ओढलं, ठोकलं, त्याला गोड बोलून पाहिलं. समोरच्या भिंतीवर चौकटीत त्यांच्याच सहीचा दाखला लटकत होता: सदर लिफ्ट सुस्थितीत आहे. विश्रामसरांनी तो पूर्ण वाचला, सहीपर्यंत वाचला, आणि सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं. लिफ्टसाहेबांना तेच जास्त लागलं. त्यापेक्षा हसले असते तर बरं झालं असतं.

लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधोमध लटकली होती. तिसऱ्या मजल्याचं दार चार बोटं उघडून अडकलं होतं आणि त्या फटीतून लिफ्टसाहेबांना बाहेरच्या जगाचे फक्त पाय दिसत होते. थोड्याच वेळात तिथे पायांची गर्दी झाली. काळे बूट म्हणजे वकील, हे त्यांनी आवाजावरून ओळखलं. रबरी सपाता काकूंच्या.

"घाबरू नका!" काकू ओरडल्या. "आत हवा आहे का?"

"पंखा चालू आहे," लिफ्टसाहेब शक्य तितक्या अधिकाऱ्याच्या आवाजात म्हणाले. "कोणीही गोंधळ करू नये."

"उड्या मारून बघा," कुणी तरी सुचवलं.

"उड्या मारायच्या नाहीत!" लिफ्टसाहेब कडाडले. विश्रामसर तोवर खाली बसले होते. त्यांनी चपला काढून एका कडेला लावल्या, वर्तमानपत्राची घडी पाठीमागे घेतली आणि पाय लांब केले. वास्तविक उड्यांचा प्रश्नच नव्हता.

दुरुस्तीवाला तासाभरात आला. त्याने फटीतून वाकून नमस्कार केला. "साहेब, किल्ली आहे. दार आत्ता उघडतं."

"मग उघड की!"

"आदेश पाहिजे ना, साहेब. कामावर असलेल्या तपासनिसाच्या आदेशाशिवाय अडकलेल्या लिफ्टचं दार कोणी उघडायचं नाही. तुमचंच परिपत्रक आहे. मागे मी एकदा उघडलं होतं तर तुम्ही मला नोटीस दिली होती."

हे खरं होतं. ते परिपत्रक लिफ्टसाहेबांनी मोठ्या कष्टाने लिहिलं होतं आणि त्यातल्या भाषेचा त्यांना अभिमान होता.

"मी तपासनीसच आहे! मी आदेश देतो!"

"तुम्ही रजेवर आहात, साहेब," दुरुस्तीवाला अगदी वाईट वाटून म्हणाला.

लिफ्टसाहेबांनी कचेरीत सहायकाला फोन लावला. सहायक चांगला होता, साहेबांनीच तयार केलेला, म्हणजे नियमाबाहेर पाऊल न टाकणारा. तो म्हणाला, "सर, तुमच्या रजेत तुमचा कार्यभार शेजारच्या विभागाच्या साहेबांकडे आहे. ते बाहेरगावी प्रशिक्षणाला गेलेत, संध्याकाळी येतील. फोनवर आदेश चालत नाही, प्रत्यक्ष हजर असावं लागतं. तेही तुमच्याच परिपत्रकात…"

"माहीत आहे मला काय आहे परिपत्रकात."

"पण एक सोपा उपाय आहे, सर. तुम्ही रजा रद्द करा. रद्द केली की तुम्ही कामावर आलात. कामावर आलात की घटनास्थळी हजर आहातच. लगेच आदेश देता येईल. मग फक्त कचेरीत येऊन चौकशीचा अहवाल लिहायचा. दिवसभराचं काम आहे, पण बाहेर तर पडाल!"

फोनचा आवाज मोठा होता. वकील बाहेरून म्हणाले, "मुद्दा अगदी कायदेशीर आहे." काकूंनी टाळी वाजवली. सगळ्यांनाच तो उपाय पसंत पडला.

तेवढ्यात फटीसमोर नव्या, निळ्या पट्ट्यांच्या चपला येऊन उभ्या राहिल्या. वहिनींच्या. आजच्यासाठी घेतलेल्या.

"अगं, हे बटण…" लिफ्टसाहेब म्हणाले.

"ऐकलं मी सगळं," वहिनी म्हणाल्या. "करा रद्द. आत किती वेळ अडकून बसणार? मी निघते, त्या वाट बघत असतील. जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय."

त्या चिडल्या नव्हत्या, आणि तेच वाईट होतं. निळ्या चपला वळल्या आणि जिना उतरून गेल्या. लिफ्टसाहेबांनी फटीला गाल लावून बघायचा प्रयत्न केला, पण जिन्याची कडा आड आली.

"सर, मी वरच्या साहेबांना विचारून ठेवतो," सहायक फोनवर म्हणाला. "परत फोन करतो तेव्हा तुम्ही तोंडी 'रद्द' म्हणा, बाकी मी बघतो."

लिफ्टसाहेब उभे राहिले. सकाळपासून ते उभेच होते. लिफ्टमध्ये बसणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

"बसा की," विश्रामसर म्हणाले. "उभं राहिल्याने लवकर सुरू होते का?"

"मला घाई आहे."

"हो, ते दिसतंच. वहिनी गेल्या वाटतं? बरं झालं, चुकवू नये त्यांनी. आम्हाला पण उद्या संध्याकाळी ऐकायला मिळेल."

"काय ऐकायला मिळेल?"

"अहो, तिथे काय काय झालं ते! वहिनी सांगायला लागल्या ना की आमचं पायऱ्यांवरचं मंडळ हसून आडवं होतं. कसल्या नकला करतात! त्यांच्या त्या गणिताच्या बाई, तो शाळेचा शिपाई… मी तर त्या शिपायाला बघितलेला नाही, पण रस्त्यात भेटला तर ओळखीन."

लिफ्टसाहेब थक्क झाले. आपली बायको पायऱ्यांवर बसते? नकला करते? घरात तर ती दूध आलं, पंखा बंद करा, एवढंच बोलते. मग त्यांच्या लक्षात आलं की तेवढंच बोलून होईपर्यंत आपण घराबाहेर पडलेले असतो.

"माझी करते का?" त्यांनी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

विश्रामसर जरा घुटमळले. सभ्य माणूस. "करतात की. तुमची तर फारच हुबेहूब. 'एक मिनिट, आलोच!' म्हणतात आणि पाठमोऱ्या चालायला लागतात. चालतच राहतात, थेट कोपऱ्यापर्यंत. आम्ही सगळे हसतो. त्यापण हसतात, शेवटी."

"शेवटी?"

"म्हणजे आमचं हसून झाल्यावर. थोड्या उशिरा."

लिफ्टसाहेबांना आजवर बऱ्याच जणांनी बरंच सुनावलं होतं. लिफ्टच्या मालकांनी शिव्या दिल्या होत्या, मंत्र्यांच्या माणसांनी धमक्या दिल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नव्हती. पण हे ऐकलं आणि त्यांना खरंच रडू यायला लागलं. त्यांनी रुमाल काढून उगाच तो लाल बटणावरून फिरवला.

फोन वाजला.

"झालं, सर! वरच्या साहेबांचा होकार आहे," सहायक उत्साहाने म्हणाला. "फक्त म्हणा, रद्द."

बाहेर दुरुस्तीवाल्याने किल्ली दारात घातल्याचा आवाज झाला.

लिफ्टसाहेबांनी घसा साफ केला. "मी," ते म्हणाले, "रजेवर आहे."

"हो सर, म्हणूनच…"

"रद्द करणार नाही. मी संध्याकाळपर्यंत रजेवर आहे. काही असेल तर उद्या." आणि त्यांनी फोन बंद केला. ठेवला नाही, बंद केला.

बाहेर एकदम कल्ला उठला. वकील म्हणाले, असा कायदा नाही. दुरुस्तीवाला म्हणाला, साहेबांची तब्येत बघा कुणी तरी. काकूंचा आवाज सगळ्यांच्या वर होता. "म्हणजे आम्ही दिवसभर जिने चढायचे? पाच मजले? तुमच्या रजेपायी? थांबा, वहिनींनाच सांगते!"

आणि काकूंनी तिथेच, फटीसमोर उभं राहून फोन लावला. लिफ्टसाहेबांना एकच बाजू ऐकू येत होती.

"वहिनी? अहो, तुमच्या मिस्टरांना जरा समजवा! … आतच आहेत. दार उघडायला तयार आहेत सगळे, पण हे रजा रद्द करायला तयार नाहीत! … नाही म्हणाले. … नाही, रद्द करणार नाही म्हणाले. … अहो, तेच तर सांगतेय, रजेवर आहे म्हणाले, काही असेल तर उद्या म्हणाले. … परत? परत काय सांगू, आता दोनदा सांगितलं ना! … हो. हो, अगदी असंच. 'मी रजेवर आहे.' … हॅलो? … ठेवला की हो फोन!"

विश्रामसरांनी लिफ्टसाहेबांकडे पाहिलं आणि थोडं सरकून जागा करून दिली. लिफ्टसाहेब बसले. इस्त्रीच्या विजारीनिशी, बूट काढून, भिंतीला टेकून बसले.

बसल्यावर पहिल्यांदा त्यांना फार अवघडल्यासारखं झालं. हातांचं काय करायचं ते कळेना. विश्रामसरांनी त्यांना वर्तमानपत्राचा अर्धा भाग दिला आणि स्वतः डोळे मिटले. काय तो माणूस! दोन घरांएवढ्या उंचीवर लटकलेला, संध्याकाळपर्यंत सुटकेची आशा नाही, आणि श्वास असा संथ की झोपाळ्यावर पडलाय. लिफ्टसाहेबांना आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याबद्दल आदर वाटला. ही साधी गोष्ट नव्हे. प्रयत्न करून बघा. आपण डोळे मिटले की गॅस बंद केला का, हेच आठवतं.

मग हळूहळू काय झालं, कुणालाच नीट सांगता येणार नाही. काकू वर जायला निघाल्या आणि दमून जिन्यात टेकल्या. वकील त्यांना धीर द्यायला टेकले. दुरुस्तीवाल्याला जाता येत नव्हतं, कारण आदेश आला की दार उघडायला तो हवा, म्हणून तोही टेकला. कुणी तरी चहा आणला. फटीतून दोन कप आत आले. आणि समोर पायांऐवजी आता चक्क चेहरे दिसायला लागले, कारण बसलेल्या माणसाचं तोंड फटीच्या पातळीला येत होतं.

त्या दुपारी लिफ्टसाहेबांना पुष्कळ गोष्टी कळल्या. वकील आजकाल एकही खटला लढत नाहीत, बासरी शिकतात, आणि ती वाजवतात तेव्हा काकूंना वाटतं की नळच गळतोय. काकूंचा मुलगा परदेशात आहे, त्यामुळे नळ बघायला कुणी नाही आणि बोलायलाही कुणी नाही. दुरुस्तीवाल्याला नोटीस आली तेव्हा त्याची बायको आठवडाभर घाबरून जेवली नव्हती. हे त्याने हसत सांगितलं. लिफ्टसाहेब हसले नाहीत. "चुकलंच माझं," असं ते फटीतून म्हणाले, आणि दुरुस्तीवाला इतका गोंधळला की त्याने त्यांना आणखी एक बिस्कीट दिलं.

वकिलांनी बासरी आणली. वाईट वाजवली. पण ऐकायला वेळ असला की वाईट बासरीही बरी वाटते.

लिफ्टसाहेबांचा डोळा लागला होता. जिन्यातून मोठा गलका आला तेव्हा ते दचकून उठले. खूप पाय वर येत होते, खूप बायका एकदम बोलत होत्या. उंच टाचा, सपाट चपला, पुरुषांचे बूट, आणि सगळ्यांच्या पुढे निळ्या पट्ट्या.

"कुठाय? कुठाय?"

"इथे," वहिनींचा आवाज आला. "वाका जरा. तो बघा. डावीकडचा. तो माझा नवरा."

एक एक करून सगळ्याजणी वाकल्या. जाड चष्म्याची एक, पांढऱ्या केसांची एक, गालाला खळी पडणारी एक. प्रत्येकीने फटीतून लिफ्टसाहेबांना नीट बघून घेतलं. लिफ्टसाहेबांनी बूट घालायची धडपड केली, पण एक सापडेना, मग त्यांनी बसूनच हात जोडले. इतका अपमान आणि इतका मान त्यांना एका वेळी कधी मिळाला नव्हता.

"अय्या, आहे की गं खरंच!" जाड चष्मेवाली म्हणाली.

"आहेच मुळी," वहिनी म्हणाल्या. "रजेवर आहेत आज."

हे वाक्य त्या अशा ऐटीत म्हणाल्या की कुणाचा नवरा परदेशातून पदक घेऊन आलाय असं वाटावं.

मैत्रिणीच्या घरची सगळी मेजवानी डब्यांत भरून आली होती. डबे जिन्यात उघडले गेले. नवरेमंडळी पायऱ्यांवर ओळीने बसली. काकूंनी वरून सतरंजी आणली. आणली म्हणजे दोन मजले चढून आणि उतरून, आणि एकदाही कुरकुर न करता. फटीतून ताटल्या आत सरकवल्या गेल्या. विश्रामसरांनी दोनदा वाढून घेतलं.

मग सगळ्याजणींनी आग्रह केला आणि वहिनी नकला करायला उठल्या. गणिताच्या बाई झाल्या, शिपाई झाला. जिना दणाणून गेला. लिफ्टसाहेबांना दिसत होत्या फक्त निळ्या चपला, कधी तरातरा चालणाऱ्या, कधी एक पाय ओढणाऱ्या. त्यांनी मान वाकडी केली, गाल जमिनीला टेकवला, तरी गुडघ्यांच्या वर काही दिसेना. संध्याकाळ व्हायला आली होती आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्यांना मनापासून वाटलं की हे दार आता उघडावं. इतकी वर्षं हा चेहरा बघायचा राहिला आणि आता चार बोटांच्या फटीने घात केला.

शेजारच्या विभागाचे साहेब तेव्हाच आले, प्रशिक्षणाची पिशवी खांद्याला, जिने चढून घामाघूम. बसलेल्या पाहुण्यांमधून वाट काढत ते वर पोचले आणि आदेश देऊन मोकळे झाले. दुरुस्तीवाल्याने किल्ली फिरवली. दार उघडलं.

लिफ्ट अर्धा माणूस खाली होती. दोन नवऱ्यांनी हात दिले, एकाने कॉलर धरली, खालून विश्रामसरांनी ढकललं आणि लिफ्टसाहेब चार पायांवर, एका बुटानिशी, बायकोच्या सगळ्या मैत्रिणींच्या समोर बाहेर आले. त्यांनी वर पाहिलं. वहिनी तोंडावर हात धरून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, सगळ्यांच्या आधी.

"बरं झालं, तुम्ही सुखरूप आहात," शेजारचे साहेब म्हणाले. "आता जरा कचेरीत चला. जबाब लिहून टाकू, म्हणजे माझीही सुटका. गाडी खाली उभी आहे."

सहायकसुद्धा साहेबांबरोबर आला होता, तो कागद हातात धरून दाराशी उभा होता. वहिनी हसायच्या थांबल्या, सतरंजीवर बसल्या आणि समोरच्या कपात बघायला लागल्या.

लिफ्टसाहेबांनी गुडघे झटकले. सतरंजीवर वहिनींच्या शेजारी जागा होती, तिथे ते गेले आणि मांडी घालून बसले. "साहेब," ते म्हणाले, "तुम्ही पहाटे पाचपासून घराबाहेर असाल. काही खाल्लंत का? बसा. आणि तू रे, तो कागद ठेव तिकडे आणि ताटली घे."

शेजारचे साहेब क्षणभर उभे राहिले. मग त्यांनी खांद्यावरची पिशवी काढली आणि एका पायरीवर बसले. सहायकाने इकडे तिकडे पाहिलं, नियमात काही सापडलं नाही, तेव्हा तोही बसला.

बराच वेळ कुणी उठलं नाही. डबे रिकामे झाले, चहा पुन्हा झाला. आवराआवर करताना जाड चष्मेवालीने विचारलं, "मग पुढच्या वर्षी कुणाकडे गं?"

"आमच्याकडे," वहिनी म्हणाल्या. लिफ्टसाहेबांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. "या सगळ्याजणी. आम्ही दोघं घरीच असू."